कोटावर बेतलेली गाडी

ऐका, आणि मध्ये कुणी बोलू नका. मला मध्ये थांबवलं की मी पहिल्यापासून सुरू करतो, आणि मग तुम्हीच वैतागता.

तर आमच्या बिल्डिंगमधले मास्तर. शाळेतले नव्हेत, शाळांचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यातले कटिंग मास्तर. कापडाचे चाळीस थर टेबलावर पसरायचे, वरच्या थरावर खडूनं एक रेघ मारायची आणि कटर चालवून चाळीस चड्ड्या एका दमात मोकळ्या करायच्या. रेघ चुकली तर एकदम चाळीस चड्ड्या चुकतात. त्यामुळे मास्तर आयुष्यात कधी चुकले नव्हते. म्हणजे असं ते स्वतःच सांगायचे, आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, तेव्हा भांडी जरा जोरात घासायच्या.

मास्तरांचं एक तत्त्व होतं. माणसाचं माप घ्यायचं नाही, त्याच्या जुन्या कपड्याचं घ्यायचं. "माणूस टेप बघितला की पोट आत ओढतो," ते म्हणायचे. "माणूस खोटं बोलतो. कपडा कधी खोटं बोलत नाही." हे वाक्य लक्षात ठेवा. सगळा घोटाळा या वाक्यानं केलाय.

मास्तरांचे वडील अण्णा. एकतीस वर्षं लांब पल्ल्याची बस चालवली. गडी कसला, दरवाजा! बसमध्ये चढले की बस त्या बाजूला कलायची म्हणतात. निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेनं एक जुनी गाडी घेतली, चालवलीही. मग बाथरूममध्ये पाय घसरला, डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि गुडघा जो सरळ झाला तो पुन्हा वाकेचना. डावा पाय म्हणजे क्लच. क्लच गेला म्हणजे गाडी गेली. गाडीवर खोळ चढली, आणि अण्णा दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत खुर्ची टाकून त्या खोळीकडे बघत बसायला लागले. सहा वर्षं! दिवसभरात बोलणं म्हणजे "हं" आणि "नको". दोनच शब्द, तेही आलटून पालटून.

एकदा मास्तर त्यांना भाड्याच्या गाडीतून डॉक्टरकडे नेत होते. अण्णा मागच्या सीटवर, पाय आडवा टाकून. मास्तरांचं सहज लक्ष गेलं. ड्रायव्हरनं गिअर बदलला की मागे अण्णांचा डावा हात मांडीवर हलायचा. पहिला, दुसरा, तिसरा. ड्रायव्हरला उशीर झाला तर अण्णांचा हात आधी हलायचा. चेहरा मात्र खिडकीबाहेर, जणू हात दुसऱ्याच कुणाचा आहे.

घरी आल्यावर मास्तर वहिनींना म्हणाले, "अण्णा गाडी चालवणार."

वहिनी म्हणाल्या, "आधी भाजी आणा."

पण मास्तरांनी ठरवलं ते ठरवलं. क्लच पायातून काढून हातात आणायचा. मोटरसायकलला हँडलवर दाबायची दांडी असते ना, तशी दांडी गिअरच्या मुठीखाली बसवायची. मूठ धरतानाच दांडी दाबायची, गिअर टाकायचा, दांडी सोडायची. पायाचं काम खलास. क्लचचं पेडल काढूनच टाकायचं, म्हणजे अण्णांचा सरळ पाय पुढे आरामात लांबवता येईल. कागदावर इतकं सोपं होतं की मास्तर स्वतःवरच खूश झाले. आणि अण्णांना यातलं काही कळू द्यायचं नाही. एक दिवस खाली आणायचं आणि म्हणायचं, बसा.

आता गंमत बघा. गाडी कुठे उभी, तर अण्णांच्या खिडकीच्या बरोबर खाली. म्हणजे ज्याच्यापासून लपवायचं त्याच्या नाकाखाली घण घालायचे.

पहिल्या रविवारी खोळ काढायला गेले तर खोळीवर अर्धी बिल्डिंग राहत होती. तळमजल्याच्या काकूंच्या वाळत घातलेल्या गोधड्या, सोसायटीची शिडी, कुणाचा तरी मोडका पाळणा. काकू म्हणाल्या, "गाडी नेणार? मग माझ्या गोधड्या कुठे घालू? जरा तरी विचार करा लोकांचा." सेक्रेटरी आले आणि त्यांनी लगेच बोर्डावर नोटीस लावली: 'आवारातील नादुरुस्त वाहन आठ दिवसांत हलवावे.' सहा वर्षं नादुरुस्त होती तेव्हा चालली, दुरुस्त करायला घेतल्यावर नोटीस!

वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर मात्र धावत खाली आले. त्यांना आयुष्यभर तोंडाबाहेरचं काहीतरी दुरुस्त करायचं होतं. त्यांनी दात बघायचा छोटा आरसा आणला, डॅशबोर्डच्या मागे घातला आणि म्हणाले, "मुळापर्यंत कीड गेलीय. दोन वायरी काढाव्याच लागतील." आणि मास्तर वाकले की सवयीनं म्हणायचे, "आ करा."

आता मापाचं. सीट अण्णांना बरोबर बसायला हवी. किती मागे, किती खाली, हात किती लांब. पण अण्णांना टेप लावला तर अण्णा विचारणार. मास्तर हसले. त्यांना माणूस लागतोच कुठे? दाराच्या मागे खिळ्याला अण्णांचा नोकरीतला गडद निळा कोट होता. मास्तरांनी तो काढला, पलंगावर पसरला, खांदा, पाठ, बाही, सगळं मापलं, कागदावर खडूनं अण्णा काढले आणि त्या अण्णांसाठी सीट बेतली. चांगली खाली, चांगली मागे. दरवाज्याएवढा माणूस बसणार होता.

सीटचे रूळ गंजून गेले होते, तेव्हा वेल्डिंगवाला बोलावला. तो म्हणाला, "मास्तर, सध्या दोन टाके मारून ठेवतो. माणूस बसवून बघा, मग पक्कं करू."

मास्तरांना राग आला. "अरे, माप माझं आहे! पक्कं मार."

बघा हां. हा माणूस पहिलीतल्या पोराच्या चड्डीचासुद्धा नमुना आधी कच्च्या टाक्यानं शिवून कुणाला तरी घालून बघतो. सगळ्या जगाला ट्रायल. बापाला नाही.

मग इंजिन. इंजिन दोन मिनिटं घरघरायचं आणि बंद पडायचं. मास्तर चार रविवार पालथे पडले. पाचव्या रविवारी वहिनी चहा घेऊन खाली आल्या आणि कप ठेवता ठेवता म्हणाल्या, "तिसरा प्लग बघा बरं. तो मिस मारतोय."

मास्तर बघतच राहिले. वीस वर्षांच्या संसारात या बाईनं मिक्सरचा फ्यूजसुद्धा कधी बदलला नव्हता. प्लग काढला, तर खरंच काळाठिक्कर! पुढच्या रविवारी वहिनी आल्या. "ती पंख्याची पट्टी फार ताणलीय. कुंथतेय बिचारी." पट्टी सैल केली, कुंथणं बंद. दातांचे डॉक्टर वहिनींना नमस्कार करायला लागले. मास्तर रात्री जेवताना वहिनींकडे चोरून बघायचे, की आपण इतकी वर्षं नक्की कुणाबरोबर राहतोय.

आता तुम्हाला कळलंच असेल. अण्णा वरून ऐकायचे. सहा वर्षं "हं" आणि "नको" करणारा माणूस सुनेला हाक मारायचा, "अगं, त्याला सांग, तिसरा प्लग. माझं नाव घेऊ नकोस, त्याला वाईट वाटेल." वहिनी दोन्हीकडून तोंडाला कुलूप लावून बसल्या होत्या. नवऱ्यानं सांगितलेलं, अण्णांना सांगू नकोस. अण्णांनी सांगितलेलं, त्याला सांगू नकोस. त्या म्हणायच्या, या घरात मी सून नाही, पोस्टाची पेटी आहे.

अखेर इंजिन धड सुरू झालं. सगळी बिल्डिंग गॅलरीत. मास्तर आत बसले, दांडी दाबली, पहिला गिअर टाकला आणि दांडी सोडली. एकदम सोडली. गाडीनं बेडकासारखी उडी मारली आणि सरळ नोटीस बोर्डावर. बोर्ड आडवा. सेक्रेटरी धावत आले. मास्तर काच खाली करून म्हणाले, "हलवली."

पण खरं सांगू? मास्तरांना तेव्हा गाडी चालवताच येत नव्हती. लायसन होतं, चालवणं नव्हतं. एकोणीस वर्षांचे असताना अण्णांनी एका दोस्ताची गाडी आणून चार दिवस शिकवलं होतं. पाचव्या दिवशी अण्णा खाली उतरले, दार आपटलं आणि म्हणाले, "तू कात्रीच चालव." मास्तरांनी ऐकलं. आयुष्यभर कात्रीच चालवली. त्यानंतर बापलेकांत बोलणं कमी होत गेलं ते गेलंच.

मग गाड्यांच्या ऑफिसची वारी. खिडकीतले साहेब म्हणाले, "बदल करायच्या आधी परवानगी घ्यायची असते. तुम्ही आधीच केलाय?"

"हो."

"मग आता गाडी होती तशी करा, तिचा फोटो काढा, अर्ज करा, परवानगी आली की पुन्हा बदला."

"पण साहेब, बदललेलीच आहे ना?"

"म्हणून तर म्हणतो, तुम्हाला सोपं जाईल. सराव झालाय."

घरी येऊन मास्तरांनी काढलेलं पेडल शोधलं, काळ्या दोऱ्यानं जागेवर बांधलं आणि फोटो काढला. पेडल कच्च्या टाक्यावर, सीट पक्क्या टाक्यावर! आयुष्यात सगळं उलटंच शिवून ठेवलं होतं म्हणा ना.

अर्जावर मालकाची सही हवी, आणि मालक अण्णा. मास्तरांनी अर्जाला घडी घातली, फक्त सहीची जागा वर ठेवली आणि म्हणाले, "अण्णा, पेन्शनचा हयातीचा दाखला. सही करा."

"मागच्या महिन्यात केली की."

"त्यांना पुन्हा खात्री हवीय."

अण्णांनी चष्मा लावला, घडी घातलेल्या कागदाकडे जरा वेळ पाहिलं, मग मास्तरांकडे पाहिलं आणि सही केली. पेन परत देताना म्हणाले, "असू दे. करून टाक." मास्तरांना वाटलं, काय मस्त फसवलं!

परवानगी आली. सोमवारी सकाळी साहेब तपासणीला घरी येणार असं ठरलं. म्हणून रविवारी अण्णांना खाली आणायचं. गाडी पुसून आरशासारखी, काकूंनी आपण होऊन गोधड्या गच्चीवर नेलेल्या, सेक्रेटरी नव्या बोर्डाच्या आडोशाला उभे. मास्तर वर हाक मारायला निघणार, तेवढ्यात जिन्यात काठीचा आवाज. अण्णा स्वतःच उतरत होते. एकेक पायरी, कठड्याला धरून, मागे वहिनी. दाढी केलेली, केस विंचरलेले आणि अंगात तो निळा कोट.

आणि मास्तरांना त्या कोटातले अण्णा दिसले.

कोटाचे खांदे अण्णांच्या खांद्यांच्या पुढे तीन बोटं लोंबत होते. बाह्यांत हात बुडालेले, बोटांची फक्त टोकं बाहेर. पुढची दोन्ही पाखं एकमेकांवर चढून अण्णांना जवळजवळ गुंडाळत होती. मास्तरांची नजर कटिंग मास्तरची, तिला टेप लागत नाही. खांद्यात अडीच इंच. बाहीत तीन. छातीत सात. एवढा बाप सहा वर्षांत गेला कुठे? आणि रोज दोन वेळा त्याच्यासमोर ताट ठेवताना आपल्याला दिसलं कसं नाही?

कपडा खोटं बोलला नव्हता. जुनं बोलला होता.

अण्णांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. बॉनेटवर हात ठेवला. "छान केलीस," ते म्हणाले. "गिऱ्हाईक कुठेय? येतोय ना?"

"कसलं गिऱ्हाईक?"

"अरे, घेणारा. मी सही केली की. त्याला सांगावं म्हटलं, थंडीत सकाळी लगेच पळवू नकोस हिला. आणि चांगले कपडे घालून निरोप द्यावा, म्हणून हा कोट..."

कळलं का? अण्णांना वाटत होतं की मुलगा गाडी विकतोय. इतके महिने असंच वाटत होतं. आणि तरी वरून सांगत होते, तिसरा प्लग बघ, पट्टी सैल कर.

 मास्तरांनी नुसतं दार उघडलं आणि गिअरखालची दांडी दाखवली. अण्णा वाकून बघत राहिले. दांडी एकदा दाबली, सोडली. पेडलच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायाकडे. "माझ्यासाठी?" ते म्हणाले. एवढा मोठा माणूस, पण आवाज असा की काकू पदर शोधायला लागल्या.

बसवलं अण्णांना. पाय छान लांब झाला, आणि अण्णा नाहीसे झाले! खरंच सांगतो, बाहेरून बघितलं तर गाडीत कुणी नाही, फक्त स्टिअरिंगच्या वर थोडे पांढरे केस. मग सगळी बिल्डिंग सल्ला द्यायला धावली. उशी घाला! काकूंनी गोधडीची घडी आणली, डॉक्टरांनी दवाखान्यातली गादी, सेक्रेटरींनी चक्क सोसायटीचं रजिस्टर. अण्णांना थरावर थर चढवून वर आणलं तर रस्ता दिसायला लागला, पण उजवा पाय ब्रेकला पुरेना. पुढे सरकवावं, तर सीट वेल्डिंगनं पक्की. मास्तर सीटखाली डोकं घालून वेड्यासारखे रूळ ओढत होते, जसं काही हातानं लोखंड उसवणार. "उद्या कापतो अण्णा. उद्या सगळं कापतो, पुन्हा बेततो..."

"बाहेर ये," अण्णा म्हणाले. "हातालाही जोर नाही राहिला रे. आत्ता चाक फिरवून पाहिलं. फिरत नाही. तुझ्या मापाचा दोष नाही. बस तू."

"मला येत नाही अण्णा. तुम्हीच म्हणाला होतात, कात्रीच चालव."

 अण्णांनी कोट काढला. "हा धर. घाल, उगाच हातात चुरगळू नकोस."

मास्तरांनी कोट घातला. खांद्याला खांदा बरोबर, बाही मनगटावर. एक टाका घालायला नको. आणि सीटवर बसले, तर सीट पाठीला अशी लागली की जणू त्यांच्यासाठीच बेतली होती. मास्तरांनी इतक्या वर्षांत स्वतःचं माप कधी घेतलंच नव्हतं.

अण्णा दुसऱ्या बाजूनं डावीकडच्या सीटवर बसले. पाय लांब केला. उजव्या हातात गिअरची मूठ घेतली, आणि दांडी तिथेच होती, दोघांच्या मध्ये. "क्लच आणि गिअर माझ्याकडे. चाक, गॅस आणि ब्रेक तुझ्याकडे. जन्मभर डाव्या हातानं टाकला, आता उजव्यानं. दे गॅस. थोडा. थोडा रे, चाळीस चड्ड्या नाही कापायच्या."

गाडी एकदा बंद पडली. दोनदा पडली. तिसऱ्यांदा चालली! आवाराला एक चक्कर, माणूस चालतो त्या वेगानं. "दाबलं. टाकला. सोडतोय... बघ पुढे, माझ्याकडे काय बघतोस!" अण्णा ओरडत होते. सहा वर्षांचं साठलेलं सगळं ओरडत होते. मास्तरांचे डोळे वाहत होते, म्हणून त्यांनी नवा बोर्डसुद्धा पाडला. सेक्रेटरींनी स्वतःच तो उचलून बाजूला ठेवला.

सोमवारी साहेब आले. गाडी बघितली, दांडी बघितली, अर्ज उघडला. "चालक कोण?"

दोघं एकदम म्हणाले, "मी."

"एका गाडीला चालक एक असतो. इथे एकच रेघ आहे." त्यांनी अर्ज दाखवला. खरंच एकच रेघ होती. साहेब काही वाईट माणूस नव्हते, चहा घेतला त्यांनी. म्हणाले, "दांडीची परवानगी ज्याचा पाय चालत नाही त्याला. तुम्ही पेडल बसवा, एकटे चालवा. आत्ता पास करतो, कुठेही फिरा. वडिलांना शेजारी बसवा. नाहीतर ही गाडी फाटकाबाहेर काढायची नाही."

अण्णा लगेच म्हणाले, "बसव रे. मी काय, शेजारी बसेन."

मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा उजवा हात अजून मुठीवर होता, आणि एक बोट दांडीवर. "नाही साहेब," मास्तर म्हणाले. "फाटकाच्या आतच बरी आहे."

मग रोज संध्याकाळी कारखाना सुटला की मास्तर कोट घालायचे आणि आवाराला बारा चकरा. आम्ही पोरं हसायचो, एवढा जीव काढून बनवली आणि गाडी जाते कुठे, तर काकूंच्या दारापासून काकूंच्या दारापर्यंत! पण बाराव्या चकरेला अण्णा रोज म्हणायचे, "आज लांब गेलो." पुढे पुढे दहा चकरा झाल्या. मग सहा. मग एक दिवस मास्तरांना दिसलं की दांडी अण्णांच्या बोटांनी दाबली जात नाही. त्यांनी चाक एका हातात धरलं. आपला हात अण्णांच्या हातावर ठेवला आणि दोघांनी मिळून दाबली. त्या दिवशी एकच चक्कर झाली. अण्णा म्हणाले, "लांब गेलो रे."

गेल्या महिन्यात मास्तरांनी पेडल बसवलं. पक्कं. साहेबांनी एका मिनिटात गाडी पास केली, त्या एका रेघेवर मास्तरांचं नाव लिहिलं. गिअरखालची दांडी मात्र मास्तरांनी काढली नाही. तिला आता काहीच जोडलेलं नाही, नुसती आहे.

मास्तर आता चांगली चालवतात. परवा मला घेऊन बाजारात गेले, मी डावीकडे बसलो होतो. सिग्नल हिरवा झाला. मास्तरांचा डावा पाय क्लचवर तयार. पण त्यांनी समोर बघतच हळूच म्हटलं, "दाबा, अण्णा." आणि थांबले. मागे हॉर्नवर हॉर्न. मला काय करावं कळेना. मी दांडीवर हात ठेवला आणि दाबली. तिला काही जोडलेलं नाही, मला माहीत होतं.

"दाबली," मी म्हटलं.

मग त्यांनी गिअर टाकला.